रेटिकल पहिल्या प्रतलात की दुसऱ्या? रायफलच्या दुर्बिणीतील खुणा समजून घेण्यासाठी खान्देशातील नेमबाजांना मार्गदर्शन

वैशाखात जळगाव, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात सकाळचे दहा वाजले की काळ्या जमिनीवरून झळा उठू लागतात आणि 50 मीटरवरचे कागदी लक्ष्य 16 पट मोठे करून पाहणाऱ्याला ते वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे हलताना दिसते. अशा वेळी सरावलेला नेमबाज झूमची कडी मागे फिरवून दुर्बीण 8 किंवा 10 पटीवर आणतो, कारण चित्र लहान झाले की त्यातील थरथरही लहान होते आणि डोळ्याला लक्ष्याची कड पुन्हा सापडते. रेटिकल, म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या नेमाच्या रेघा आणि खुणा, दुर्बिणीच्या कोणत्या प्रतलात बसवलेले आहे, या प्रश्नाला खरे महत्त्व येते ते कडी फिरवण्याच्या या क्षणी. एका प्रकारच्या दुर्बिणीत रेटिकलवरील खुणांचे माप जसेच्या तसे राहते. दुसऱ्या प्रकारात ते बदलते आणि नेमबाजाला ते ठाऊक नसेल तर छर्रा भलतीकडे जातो.

जाहिरातींत मात्र ‘एफएफपी’ ही अक्षरे दर्जाचा शिक्का असल्यासारखी छापलेली असतात. फर्स्ट फोकल प्लेन म्हणजे उत्तम आणि सेकंड फोकल प्लेन, अर्थात ‘एसएफपी’, म्हणजे स्वस्तातला माल, अशी समजूत त्यातून पसरली आहे. ती चुकीची आहे. कोणती दुर्बीण घ्यावी हे आपण कोणत्या अंतरावर, कोणत्या पटीवर आणि खुणांचा कशासाठी वापर करून नेम धरतो यावरून ठरते. पुढील सर्व विवेचन त्या दृष्टीने केले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. येथे विचार आहे तो कागदी आणि धातूच्या लक्ष्यांवरील नेमबाजीचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. शस्त्र नियम 2016 नुसार 0.177 इंच (4.5 मि.मी.) व्यासापेक्षा मोठ्या किंवा 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागतो. ज्यांना 10 मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय धर्तीच्या स्पर्धेत उतरायचे आहे त्यांना या लेखाचा उपयोग नाही, कारण त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. तेथे छिद्राचे साइट वापरावे लागते.

नळीच्या आत काय घडते

दुर्बिणीची पुढची मोठी काच, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करते, पण ती उलटी असते. ही उलटी प्रतिमा जेथे स्पष्ट होते ते पहिले फोकल प्लेन होय. त्यामागे एक लहान आतली नळी असते, तिला इरेक्टर म्हणतात. इरेक्टरमधील भिंगे प्रतिमा सुलट करतात आणि झूमची कडी फिरवल्यावर तीच पुढेमागे सरकून प्रतिमा लहानमोठी करतात. इरेक्टरच्या मागे, डोळ्याकडील काचेच्या अलीकडे, सुलट झालेली प्रतिमा पुन्हा एकदा स्पष्ट होते. ते दुसरे फोकल प्लेन. रेटिकल या दोहोंपैकी कोणत्याही एका ठिकाणी ठेवता येते, कारण प्रतिमा जेथे स्पष्ट असते तेथेच ठेवलेल्या रेघा डोळ्याला प्रतिमेबरोबर स्पष्ट दिसतात.

एवढे ध्यानात आले की बाकीचे आपोआप उलगडते. रेटिकल पहिल्या प्रतलात असेल तर ते झूम करणाऱ्या भिंगांच्या पुढे असते, त्यामुळे लक्ष्य जितके मोठे होते तितकेच रेटिकलही मोठे होते आणि दोघांचे परस्परप्रमाण कधीच बदलत नाही. रेटिकल दुसऱ्या प्रतलात असेल तर ते त्या भिंगांच्या मागे असते. लक्ष्य लहानमोठे होते, रेटिकल मात्र डोळ्याला सतत एकाच आकाराचे दिसते.

याचा एक कमी चर्चिला जाणारा परिणाम असा, की एसएफपी दुर्बिणीत इरेक्टरची भिंगे सरकताना जराशी जरी एका बाजूला कलली, तर प्रतिमा सरकते पण रेटिकल जागच्या जागी राहते आणि झूम बदलल्यावर छर्रा लागण्याची जागा किंचित बदलू शकते. एफएफपीमध्ये दोन्ही बरोबरच सरकतात, म्हणून हा दोष येत नाही. चांगल्या बनावटीच्या एसएफपी दुर्बिणीत हा फरक नगण्य असतो. स्वस्त दुर्बीण घेताना मात्र तो तपासून पाहावा. एका पटीवर पाच छर्ऱ्यांचा गट काढावा, दुसऱ्या पटीवर पुन्हा पाचांचा काढावा आणि दोन्ही गटांचे मध्य जुळतात की नाही ते पाहावे.

मिल आणि मिनिट

रेटिकलवरील खुणा सेंटिमीटर दाखवत नाहीत, कोन दाखवतात. मिल, म्हणजे मिलिरेडियन, हा रेडियनचा हजारावा भाग आहे. 100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सें.मी., 50 मीटरवर 5 सें.मी. आणि 25 मीटरवर 2.5 सें.मी. दुसरे माप मिनिटाचे, ज्याला दुकानदार एमओए म्हणतात. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट मिळते. 100 मीटरवर ते सुमारे 2.9 सें.मी. भरते. 1 मिल म्हणजे 3.44 मिनिटे. मीटर आणि सेंटिमीटरमध्ये विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना मिलचे रेटिकल सोपे जाते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ज्या दुर्बिणीचे रेटिकल मिलमध्ये पण टरेटचे, म्हणजे नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणाऱ्या गोल बटणाचे, क्लिक पाव मिनिटाचे आहेत ती, कितीही सवलतीत मिळत असली, तरी घेऊ नये. दोन मापांतील गुणाकार-भागाकार करण्यात नेम हरवतो.

टरेटविषयी एक गैरसमज येथेच दूर करतो. टरेटचा 0.1 मिलचा क्लिक 100 मीटरवर 1 सें.मी. सरकवतो, मग दुर्बीण एफएफपी असो वा एसएफपी, आणि झूम 4 पट असो वा 16 पट. झूमबरोबर बदलते ते फक्त एसएफपीच्या रेटिकलवरील खुणांचे माप. जो नेमबाज प्रत्येक अंतरासाठी टरेट फिरवून नेम नेहमी मध्यावरच धरतो, त्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकारांतील सर्वांत मोठा भेद जवळजवळ संपतो.

आपली दुर्बीण कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक नसेल तर ते ओळखायला अर्धा मिनिट पुरे. समोरच्या भिंतीवर नजर ठेवून झूमची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. रेघा आणि त्यांवरील आकडे फुगत गेले तर एफएफपी. भिंत जवळ आली पण रेघा होत्या तशाच राहिल्या तर एसएफपी.

एसएफपीचा हिशेब

एसएफपी दुर्बिणीत खुणांचे छापील माप एकाच पटीवर खरे असते. बहुतेक उत्पादक ते सर्वांत मोठ्या पटीवर खरे ठेवतात. काही दुर्बिणींत मात्र ते 10 पट किंवा मधल्याच एखाद्या आकड्यावर खरे असते, आणि कडीवर त्या आकड्याला वेगळा रंग किंवा ठिपका दिलेला असतो. माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय हे गृहीत धरू नये.

नियम सरळ आहे: खुणेचे छापील माप गुणिले खरी पट, भागिले सध्याची पट. समजा, 4 ते 16 पट मोठेपणाची दुर्बीण 16 वर खरी आहे. 8 पटीवर तिची 1 मिलची खूण प्रत्यक्षात 2 मिल दाखवते. 12 पटीवर 16 भागिले 12, म्हणजे 1.33 मिल, आणि 4 पटीवर 4 मिल. आता समजा, आपल्या एअर रायफलचा छर्रा 25 मीटरवर झिरो केलेला, म्हणजे तेथे नेमाच्या मध्यावरच लागेल असा जुळवलेला, आहे आणि 50 मीटरवर तो नेमाच्या रेषेखाली 10 सें.मी. उतरतो. 50 मीटरवर 10 सें.मी. म्हणजे 2 मिल. त्यामुळे 16 पटीवर दुसरी खूण लक्ष्याच्या मध्यावर आणली की काम होते. दुपारी झळांमुळे तोच नेमबाज 8 पटीवर आला आणि सवयीने दुसरीच खूण लावली, तर त्याने प्रत्यक्षात 4 मिलची भरपाई दिली आणि छर्रा 10 सें.मी. वर लागला. त्याने लावायला हवी होती ती पहिली खूण. 12 पटीवर असता तर दीड खूण, म्हणजे पहिली आणि दुसरी यांच्या बरोबर मधली जागा. एफएफपी दुर्बीण असती तर तिन्ही वेळी उत्तर एकच होते: दुसरी खूण.

चूक कोणत्या दिशेला होते हेही पाठ करून ठेवावे. एसएफपीमध्ये खऱ्या पटीपेक्षा खाली येऊन तीच खूण वापरली तर भरपाई नेहमी जास्त होते आणि छर्रा वर जातो. वाऱ्यासाठी आडव्या रेघेवरची खूण वापरली असेल तर तो वारा येतो त्या बाजूला अधिक जातो. आपला गट विनाकारण वर सरकलेला दिसला की रायफलला किंवा छर्ऱ्याच्या डबीला दोष देण्याआधी झूमची कडी पाहावी.

अंतर मोजतानाही हेच गणित लागते. वस्तूची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिला 10 ने गुणावे आणि ती जितके मिल व्यापते त्याने भागावे. उत्तर मीटरमध्ये येते. 30 सें.मी. उंचीची धातूची पट्टी 4 मिल व्यापत असेल तर ती 75 मीटरवर आहे. तीच पट्टी 16 वर खऱ्या असलेल्या एसएफपीमधून 8 पटीवर पाहिली तर दोनच खुणांत मावेल, आणि ते 2 मिल आहेत असे समजून भाग दिला तर उत्तर 150 मीटर येईल. अंतर थेट दुप्पट. हे गणित चालते ते वस्तूची उंची नक्की ठाऊक असेल तरच; केळीच्या खांबाची किंवा कुंपणाच्या बल्लीची अंदाजाने धरलेली उंची यासाठी उपयोगाची नाही.

रेघ खरोखर किती झाकते

एफएफपीविषयी नेहमीची तक्रार अशी, की झूम वाढवला की रेघ जाड होऊन लक्ष्य झाकते. डोळ्याला ती जाड दिसते हे खरे आहे, पण लक्ष्यही त्याच प्रमाणात मोठे झालेले असते, त्यामुळे ती आधीपेक्षा जास्त काही झाकत नाही. 0.05 मिल जाडीची रेघ 100 मीटरवर 5 मि.मी. झाकते आणि प्रत्येक पटीवर 5 मि.मी.च झाकते. उलट, एसएफपीतील जी रेघ 16 पटीवर 0.05 मिल आहे ती 4 पटीवर 0.2 मिल होते, म्हणजे त्याच अंतरावर 20 मि.मी. झाकते. लहान पटीवर लक्ष्य अधिक झाकणारे रेटिकल एसएफपीचे आहे. लोक नेमके याच्या उलट सांगत फिरतात.

एफएफपीची खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. तीच 0.05 मिलची रेघ 4 पटीवर डोळ्याला 0.2 मिल, म्हणजे सुमारे 0.7 मिनिट जाडीची दिसते. सर्वसाधारण निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद ओळखण्याची मर्यादा 1 मिनिटाच्या आसपास असते. काळी रेघ पांढऱ्या कागदावर तरीही जाणवते, पण कपाशीच्या शेताच्या किंवा लिंबाच्या गर्द सावलीच्या पार्श्वभूमीवर ती विरून जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगराची सावली लवकर उतरते अशा ठिकाणी संध्याकाळी सराव करणाऱ्यांना हे चटकन समजेल. म्हणून एफएफपी घेताना मध्यबिंदू उजळणारा दिवा असलेली, किंवा बाहेरच्या रेघा मुद्दाम जाड ठेवलेली दुर्बीण निवडावी, आणि दुकानात ती सर्वांत लहान पटीवर ठेवून एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरून पाहावी. दुकानदार ती आपल्याला सर्वांत मोठ्या पटीवर ठेवून रस्त्यापलीकडची पाटी दाखवतो, कारण त्या पटीवर एफएफपीचे रेटिकल सर्वांत देखणे दिसते.

50 मीटरवरची पट्टी-चाचणी

कडीवर छापलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये. 16 लिहिलेले असते तेथे प्रत्यक्ष पट थोडी कमी किंवा जास्त असू शकते आणि मधले आकडे तर बऱ्याचदा ठोकळमानाने टाकलेले असतात. एसएफपी वापरणाऱ्याने आपल्या दुर्बिणीची खरी पट स्वतः शोधून काढलीच पाहिजे. त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही. शक्य असेल तर दुर्बीण रायफलवरून उतरवून वाळूच्या पिशवीवर किंवा कॅमेऱ्याच्या स्टँडवर बांधावी. म्हणजे शेतात बंदूक रोखून बसलेला माणूस पाहून शेजाऱ्यांना आणि वाटसरूंना नसता घोर लागत नाही. दुर्बीण रायफलवरच ठेवायची असेल तर ती रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी आणि पट्टीमागे कोणी येणार-जाणार नाही अशी जागा निवडावी.

जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू यासाठी उत्तम. तिच्यावर जाड काळ्या मार्करने 5 सें.मी. अंतरावर अकरा आडव्या रेघा आखाव्यात, म्हणजे मधले दहा रकाने मिळून 50 सें.मी. होतील. मोजताना नेहमी रेघेच्या वरच्या कडेपासून पुढच्या रेघेच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे, कारण मार्करची रेघ 5 मि.मी. रुंद असेल तर 50 मीटरवर ती एकटीच 0.1 मिल व्यापते. फ्लेक्स भिंतीवर किंवा गोठ्याच्या फळीवर ताणून लावावा आणि शेजारी गवंड्याचा ओळंबा सोडावा. रेटिकलची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवून घेतली की दुर्बीण कललेली नाही याचीही खात्री होते. कललेल्या दुर्बिणीत खालच्या खुणा लक्ष्याच्या सरळ खाली न उतरता बाजूला जातात आणि तो दोष प्रतलाचा आहे असे भलतेच निदान केले जाते.

अंतर पावलांनी मोजू नये, फितीने मोजावे. भूमापनाच्या जुन्या पद्धतीत गुंठ्याची बाजू 33 फुटांची धरतात. तशी पाच मापे एका ओळीत घेतली की 165 फूट, म्हणजे 50.3 मीटर भरतात, आणि बांधावर काम करताना हा हिशेब सोयीचा पडतो. तीस सेंटिमीटरचा तो फरक येथे चालून जातो.

आता आधी डोळ्याकडील काच फिरवून रेटिकल स्पष्ट करून घ्यावे. त्यासाठी दुर्बीण सूर्यापासून दूर, मोकळ्या आकाशाकडे धरावी आणि एका वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त पाहू नये, कारण डोळा स्वतःच रेघा स्पष्ट करून घेतो आणि आपली फसगत होते. त्यानंतर बाजूच्या चक्राने पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखे दिसण्याचा दोष, 50 मीटरसाठी जुळवावा आणि डोके किंचित वर-खाली हलवून रेटिकल पट्टीवर तरंगत नाही ना, हे पाहावे. तरंगत असेल तर चक्रावरील आकडा काहीही सांगो, तरंगणे थांबेपर्यंत चक्र फिरवत राहावे.

रेटिकलचा मध्य सर्वांत वरच्या रेघेच्या वरच्या कडेवर ठेवावा आणि खालच्या दिशेने मोजावे. मिलच्या एफएफपी दुर्बिणीत 10 खुणांत 10 रकाने बसले पाहिजेत, आणि 16 पटीवर, 10 वर, 6 वर, सगळीकडे बसले पाहिजेत. रेटिकलवर दहाच्या आत खुणा असतील तर आहेत तितक्याच मोजाव्यात. कोठेही न बसल्यास आधी अंतर आणि पट्टी पुन्हा मोजावी. त्यातही चूक नसेल तर दुर्बीण परत करावी. पॅरॅलॅक्सच्या भिंगामुळे वेगवेगळ्या अंतरांवर अगदी किंचित फरक पडू शकतो, म्हणून आपण ज्या अंतरावर जास्त सराव करतो तेथेच ही चाचणी घेणे उत्तम.

एसएफपीमध्ये कडी सर्वांत मोठ्या पटीवर ठेवून मोजावे. 10 खुणांत साडेनऊच रकाने बसत असतील तर पट गरजेपेक्षा जास्त आहे. 10 रकाने नेमके बसेपर्यंत कडी हळूहळू मागे आणावी आणि त्या ठिकाणी कडीवर व नळीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा. उलट, सर्वांत मोठ्या पटीवरच 10 खुणांत साडेदहा रकाने बसत असतील तर पुढे फिरवायला जागा नाही; तेथे प्रत्येक खूण 1.05 मिलची धरावी. मग कडी आणखी मागे आणून 5 खुणांत 10 रकाने बसतील ती जागा शोधावी आणि तेथे दुसऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. हा दुसरा ठिपका फार मोलाचा आहे, कारण तेथे प्रत्येक खूण बरोबर 2 मिलची होते आणि मनातल्या मनात दुप्पट करणे कोणालाही जमते. 12 किंवा 10 पटीवर खुणा वापरण्याचा मोह टाळावा. दोन ठिपक्यांवरच काम भागवावे.

ही चाचणी सकाळी लवकर घ्यावी. उन्हाळ्यात ऊन चढल्यावर पट्टीच्या रेघा नाचू लागतात आणि पाव रकान्याचा फरकही ओळखता येत नाही. दुपारीच वेळ मिळत असेल तर नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानावरून पाहण्याऐवजी नुकतेच पाणी दिलेल्या शेताच्या बांधावरून पाहावे. ओलसर जमीन कमी तापते आणि झळा कमी उठतात. फ्लेक्सही जमिनीपासून शक्य तितका उंच बांधावा.

कोणी कोणती घ्यावी

टेबलावर रायफल टेकवून 25 किंवा 50 मीटरवर एकाच अंतराच्या लक्ष्यावर, एकाच पटीवर नेम धरणाऱ्याने एसएफपीच घ्यावी. त्याला अंतर मोजायचे नसते आणि खुणांनी भरपाई द्यायची नसते; त्याला हवी असते मोठ्या पटीवर अतिशय बारीक रेघ किंवा सूक्ष्म ठिपका. त्याच पैशांत एसएफपीमध्ये काचही सहसा अधिक चांगली मिळते, कारण पहिल्या प्रतलातील रेटिकल पुढे अनेक पट मोठे होणार असल्याने काचेवर फार सफाईने कोरावे लागते आणि तो खर्च किमतीत येतो.

वेगवेगळ्या अंतरांवर मांडलेली लक्ष्ये एकामागून एक टिपणाऱ्याने, आणि जो टरेट न फिरवता खुणांनीच भरपाई देतो त्याने, एफएफपीचा विचार करावा. खान्देशात तर अधिकच, कारण येथे मार्च ते जून दुपारच्या सरावात मोठ्या पटीवर टिकून राहता येत नाही आणि कडी वारंवार फिरवावी लागते. मात्र 1 ते 6 पटीसारख्या लहान दुर्बिणीत 1 पटीवर एफएफपीचे रेटिकल इतके आक्रसते, की दिव्याशिवाय त्याचा उपयोग फारसा राहत नाही. नवशिक्याला मी एफएफपी सुचवत नाही. पहिले वर्षभर त्याचे लक्ष श्वास, खांदा आणि ट्रिगर यांवर असायला हवे, आणि त्यासाठी साध्या क्रॉसहेअरची ठरावीक पटीची दुर्बीणसुद्धा पुरते. ठरावीक पटीच्या दुर्बिणीत प्रतलाचा प्रश्नच उद्भवत नाही.

एसएफपी घेतलीच असेल तर पोस्टकार्डाच्या एक चतुर्थांश आकाराचा जाड कागद कापून त्यावर आपल्या छर्ऱ्याची उतरण 10, 20, 30, 40 आणि 50 मीटरवर मिलमध्ये लिहावी, आणि शेजारच्या रकान्यात तोच आकडा निम्मा करून लिहावा. पहिला रकाना पहिल्या ठिपक्याच्या रंगाने, दुसरा दुसऱ्या ठिपक्याच्या रंगाने अधोरेखित करावा आणि कागद पारदर्शक टेपने रायफलच्या दस्त्यावर गालाच्या विरुद्ध बाजूला चिकटवावा. छर्ऱ्याचा ब्रँड किंवा वजन बदलले की दोन्ही रकाने नव्याने लिहावे लागतात; ठिपके मात्र दुर्बीण तीच आहे तोवर कायम राहतात.